माझदा : हिरोशिमाच्या कंपनीचा इतिहास आणि मालकांचे अनुभव

यारातीरकर (मूळ लेख)

राम राम मंडळी.

टोयोटा, होंडा, सुझुकी यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. माझदाबद्दल मात्र मराठीत फारसं सापडत नाही. कारण उघड आहे: ही कंपनी स्वतःच्या कार विकायला भारतात कधी उतरलीच नाही. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका आणि आखातातल्या मराठी घरांच्या दारात माझदा बऱ्याच दिसतात. म्हणून हा धागा. इतिहास मी लिहितो, तुम्ही आपापल्या गाडीबद्दल लिहा.

मी मेलबर्नला असतो. इथे होल्डन कमोडोर सलग पंधरा वर्षं खपात पहिली होती. तिला खाली खेचलं ते माझदा ३ ने, २०११ साली, आणि २०१२ मध्येही पहिला नंबर तिचाच राहिला. माझ्याकडे आधी माझदा ३ होती, आता सीएक्स-५ ही माझदाचीच एसयूव्ही आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही कंपनी लहान आहे आणि ती हिरोशिमाची आहे, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की तिच्या गाड्या अशा का आहेत ते उलगडतं.

सुरुवात बुचांच्या धंद्यापासून झाली. ३० जानेवारी १९२० ला हिरोशिमात तोयो कॉर्क कोग्यो ही कंपनी निघाली. पुढच्याच वर्षी तिची सूत्रं जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. हा माणूस कोळ्याच्या घरात जन्मलेला, पोरवयातच ओसाकाला जाऊन लोहाराच्या हाताखाली काम शिकलेला. बुचांवर पोट भरणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि कंपनी यंत्रांकडे वळवली. १९२७ मध्ये नावातला 'कॉर्क' गेला, उरलं तोयो कोग्यो. १९३१ मध्ये पहिली तीनचाकी मालगाडी बाहेर पडली, माझदा-गो. पुढे मोटरसायकलचं हँडल, मागे मालाचा हौदा. आपल्याकडच्या जुन्या तीनचाकी टेम्पोची मोठी बहीण शोभावी अशी.

६ ऑगस्ट १९४५ ला मात्सुदांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. बॉम्ब पडला त्या जागेपासून फुचूमधला त्यांचा कारखाना साधारण पाच किलोमीटरवर होता, आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी. टेकडी बुटकीच, पण तिच्या आडोशामुळे कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या. शहर मात्र उरलं नव्हतं. कामगारांची माणसं गेली, घरं गेली. जखमींवर कारखान्यातच उपचार झाले. पुढे जवळजवळ वर्षभर हिरोशिमा प्रांताचं सरकारी कामकाज याच कंपनीच्या इमारतीतून चाललं. आणि त्याच डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बनू लागल्या. चार महिन्यांत! मला हा या कंपनीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रसंग वाटतो, पुढच्या सगळ्या शर्यती आणि बक्षिसांपेक्षा मोठा. तिथल्या बेसबॉल संघाचं नाव आजही हिरोशिमा तोयो कार्प आहे आणि त्यातलं 'तोयो' या कंपनीच्या जुन्या नावातून आलेलं आहे. गाव आणि कंपनी तिथे वेगळी काढता येत नाहीत.

१९६० मध्ये आर३६० ही छोटी कूपे आली, कंपनीची पहिली कार. पण त्याच सुमारास जपानच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाच्या मनात होतं की देशात मोजक्याच मोटार कंपन्या ठेवाव्यात आणि लहानांनी मोठ्यांत विलीन व्हावं. स्वतंत्र राहायचं तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हातात हवं. तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेल यांच्या, पिस्टनविना चालणाऱ्या रोटरी इंजिनाचे हक्क घेतले. १९६१ ची गोष्ट. हक्क घेणारे जगात इतरही होते, मर्सिडीझ आणि जनरल मोटर्ससुद्धा. शेवटपर्यंत टिकली ती माझदा.

एप्रिल १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. माणसं ४७, म्हणून जपानी इतिहासातल्या धन्याविना उरलेल्या ४७ सामुरायांवरून त्यांना ४७ रोनिन म्हणू लागले. इंजिन थोडे तास चाललं की आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठायचे. त्यांना ही मंडळी सैतानाची नखं म्हणत. शेकडो तऱ्हेची सीलं (रोटर नावाच्या फिरत्या भागाच्या टोकांवरच्या, वायू निसटू न देणाऱ्या पट्ट्या) करून पाहिली आणि अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील चाललं. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली: दोन रोटर, ११० अश्वशक्ती, आणि आकार असा की आजही रस्त्यावर दिसली तर लोक थांबून बघतील. पुढच्या वर्षी न्युर्बर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत तिने चौथा क्रमांक काढला. ८४ तास! जे इंजिन टिकत नाही म्हणून बाकीचे सोडून देत होते, त्याच्यावर.

१९७३ च्या तेलसंकटाने मात्र कंबरडं मोडलं. रोटरी पेट्रोल जास्त पिते आणि कंपनीने तर रोटरीची बस आणि पिकअपसुद्धा काढली होती. सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी वाचली. या काळात कारखान्यातल्या हजारो कामगारांना विक्रेत्यांकडे गाड्या विकायला पाठवलं गेलं. काल नटबोल्ट आवळणारा माणूस आज गिऱ्हाईकाच्या दारात उभा. त्यातून काही चांगलंही झालं असावं असं मला मनापासून वाटतं, कारण १९८० ची फॅमिलिया, म्हणजे बाहेरच्या देशांतली ३२३, गिऱ्हाईकाला नेमकं काय हवं ते ओळखून बनवलेली होती. जपानचा 'कार ऑफ द इयर' सुरू झाला त्याच्या पहिल्याच वर्षीचा मान तिचा.

आता माझ्या गाडीतली एकच गोष्ट सांगतो. बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटरचं पेडल वरून लोंबकळतं. माझदात ते खाली फरशीला बिजागरीवर बसवलेलं असतं. टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि पेडल आणि पाऊल एकाच वर्तुळात फिरतात. मेलबर्न ते सिडनी ह्यूम हायवेने पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं चालवल्यावर उजव्या पोटरीला जो फरक कळतो तो कुठल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ब्रेकचा बाक, स्टिअरिंगचा जडपणा, सगळं याच काळजीने केलेलं आहे.

नावडतं काय? माझदा ३ ची मागची सीट अरुंद, मागची काच लहान. खडबडीत डांबरावर टायरचा आवाज आत येतो, जुन्या मॉडेलांत जास्तच.

तुम्ही लिहा.

कात्रज_बायपास

लेख आवडला, पण भारताच्या नावावर एवढी लवकर काट मारू नका साहेब. स्वराज माझदा विसरलात!

ऐंशीच्या दशकात हलक्या मालगाड्यांसाठी चार जपानी कंपन्या एकदम भारतात आल्या: डीसीएम टोयोटा, आल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा. पंजाब ट्रॅक्टर्स, माझदा आणि सुमितोमो अशी तिघांची भागीदारी, कारखाना पंजाबात. मूळ गाडी माझदाची टायटन.

आमच्या वडिलांची एक होती. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशी मार्केट. रात्री जेवून निघायचं आणि पहाटेच्या लिलावाला गाडी लावायची. मी सुट्टीत क्लीनरच्या जागेवर. केबिन बुटकी, समोरची काच मोठी, त्यामुळे घाटात वळणावर पुढचा रस्ता नीट दिसायचा. वडील म्हणायचे, भरल्या गाडीतही स्टिअरिंग हातात राहतं. पाटे एक जादा टाकून घेतले होते, ते तर सगळेच टाकत. नंतर तीच गाडी एका शाळेला गेली. आमच्या भागात अजूनही मिनीबसला लोक 'माझदा' म्हणतात, मग ती कुठल्या का कंपनीची असेना.

माझदा कधीच भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये कंपनीचं नाव एसएमएल इसुझु झालं आणि आता ती महिंद्राकडे गेली. पण ज्या पिढीने ती चालवली तिच्या तोंडात नाव माझदाच आहे.

यारातीरकर

कात्रजदादा, कार म्हणून आली नाही असं लिहिलं होतं, पण ही भर फार मोलाची. तीनचाकी मालगाड्यांवर उभी राहिलेली कंपनी भारतात आली तीही मालगाडी घेऊनच. टोमॅटोच्या रात्रींवर वेगळं लिहा, वाट बघतो.

हळदीकुंकू_एडिसन

यारातीरकर दादा, लेख एका दमात वाचला. आमच्याकडे सीएक्स-५ आहे, न्यू जर्सीत. घेताना घरात दोन तट होते. नवऱ्याला होंडा हवी होती कारण डिकी मोठी. मला चालवून बघताना ही आवडली, आणि रोज मीच चालवते.

माझं मत असं. दोन मुलं आणि दोन चाइल्ड सीट असतील तर मागे ठीक, पण मधोमध तिसरं मोठं माणूस बसवायचं म्हटलं की अंग चोरून बसावं लागतं. सासूबाई आल्या होत्या, त्यांना सीटची उंची फार आवडली, ना वर चढायचं ना खाली बसायचं. आतलं काम या किमतीत दुसरीकडे मला दिसलं नाही. शिवण, बटणांचा ठाम आवाज, दार लागल्याचा आवाजसुद्धा.

गाणी आणि नकाशाला टचस्क्रीनऐवजी मधलं गोल बटण वापरावं लागतं, यावर लोक फार नाराज दिसतात. मला पहिला आठवडा कठीण गेला. आता हात न बघता तिथे जातो आणि नजर रस्त्यावर राहते. मुलं मागे भांडत असताना याची किंमत कळते.

आणि यात सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) नाही, साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. चढावर इंजिन उगाच रडत बसत नाही.

गोट्या_सांगलीकर

रोटरी म्हणजे नक्की काय असतं? पिस्टन नाही तर पेट्रोल जळतं कुठे? कुणी साध्या भाषेत सांगेल का?

चाकणचा_टर्नर

गोट्याभाऊ, प्रयत्न करतो.

साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्याचं गोल फिरणं करते. रोटरीत पहिल्यापासूनच सगळं फिरतं. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घराच्या आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण बसवलेला असतो, तो रोटर. त्याची तिन्ही टोकं सतत घराच्या भिंतीला घासत फिरतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरेल तसा प्रत्येक कप्पा लहानमोठा होतो: एका ठिकाणी हवा-पेट्रोल आत ओढतो, पुढे ते दाबतो, मग स्पार्क, जळण, आणि शेवटी धूर बाहेर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटरची एक फेरी होते तेव्हा शाफ्टच्या तीन होतात. म्हणून इंजिन लहान, हलकं, थरथर जवळजवळ नाही आणि आरपीएम वर चढतच जातं.

गोम आहे ती टोकांवरच्या सीलांत. पिस्टन रिंगला एकाच नळीत वरखाली जायचं असतं आणि तिचा भिंतीशी कोन बदलत नाही. रोटरच्या टोकावरची सीलपट्टी मात्र प्रत्येक क्षणी वेगळ्या कोनात भिंतीला टेकते, आणि एका बाजूला थंड मिश्रण तर दुसऱ्या बाजूला पेटलेला वायू. ती थरथरली की भिंतीवर लाटा उमटतात. यारातीरकरांनी लिहिलेली सैतानाची नखं ती हीच. मी आयुष्यभर लेथवर काम केलंय, टूल चॅटर झाला की जॉबवर अगदी तशाच रेघा येतात. त्यामुळे त्या ४७ जणांना काय वाटलं असेल ते मला नीट कळतं. पट्टीचा कडकपणा, वजन, तिची स्वतःची कंपनं, सगळं बदलून बघावं लागतं आणि प्रत्येक वेळी इंजिन पुन्हा उघडायचं. संगणक नव्हता.

पेट्रोल जास्त का खाते? जळण्याची जागा लांबट आणि पसरट असते. ज्वाळा कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता उष्णता भिंतीत निघून जाते. शिवाय सीलांना वंगण हवं म्हणून इंजिन स्वतःच थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी.

गोट्या_सांगलीकर

एक नंबर समजावलंत काका. वर्गात असं कुणी सांगितलं असतं तर!

ह्यूस्टनचा_हौशी

टर्नरकाकांनी पाया घातला, आता रोटरी रोज वापरणाऱ्याचं ऐका. माझ्याकडे आरएक्स-८ ही माझदाची रोटरीवाली स्पोर्ट्स कार आहे, मॅन्युअल. १.३ लिटर इंजिन, आरपीएमचा काटा ९,००० पर्यंत जातो आणि तिथवर जाताना आवाज शिवणयंत्रापासून सुरू होऊन मोटरसायकलपर्यंत पोचतो. चार दारं, मागची दोन उलट्या बाजूने उघडतात, मधला खांबच नाही. मुलांना मागे बसायला फार आवडतं.

ही गाडी घ्यायची तर सवयी बदलाव्या लागतात, आणि ज्यांना ते नको त्यांनी घेऊ नये असं मी स्पष्ट सांगतो.

पेट्रोल भरताना ऑइलची काडी बघायची. नेहमी. ऑइल जळणारच आहे, पातळी उतरू द्यायची नाही.

थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत बंद करायचं नाही. गाडी गॅरेजमधून काढून दारात लावली आणि बंद केली, असं केलं की पेट्रोल आत साठून पुढच्या वेळी सुरू व्हायला त्रास देते. सुरू केली तर गरम होईपर्यंत चालवायची.

ती गरम झाली की मनमोकळेपणे आरपीएम चढवायचे. कायम खालच्या आरपीएमला रेंगाळणं या इंजिनाला मानवत नाही, कार्बन बसतो.

जुनी घेताना कॉम्प्रेशन तपासून घ्या, पण रोटरीचं वेगळं यंत्र लागतं जे तिन्ही कप्प्यांचा दाब स्वतंत्र दाखवतं. साध्या गॅरेजमध्ये ते नसतं. एका गॅरेजवाल्याने मला पिस्टनच्या गेजवर 'उत्तम आहे' असं सांगितलं होतं, मी पैसे देऊन तिथून निघालो आणि रोटरीवाल्याकडे गेलो. अमेरिकेत कंपनीने २००४ ते २००८ च्या गाड्यांसाठी इंजिनाच्या गाभ्याची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती, तेव्हा कागदपत्रांत इंजिन कधी बदललंय का ते जरूर बघा. बदललेलं असेल तर चांगलंच.

एवढं सगळं करून का ठेवायची? कारण दुसरी कुठलीही गाडी अशी चालत नाही. आणि ल मान्स १९९१ मुळे. माझ्यासारख्या अनेकांचं माझदावर जे प्रेम आहे ते तिथून आलं.

गोट्या_सांगलीकर

ल मान्सचंही सांगा की.

ह्यूस्टनचा_हौशी

फ्रान्समधली २४ तासांची शर्यत. जून १९९१. माझदा अनेक वर्षं रोटरी घेऊन तिथे जात होती आणि जिंकत नव्हती. पुढच्या हंगामापासून साडेतीन लिटरच्या इंजिनांचा नवा नियम येणार होता, म्हणजे रोटरीला ही शेवटची संधी. ७८७बी, ५५ नंबर, नारिंगी आणि हिरवा रंग. चार रोटरचं इंजिन, ताकद ७०० अश्वशक्तीच्या घरात. चालक तिघे: फोल्कर वाइडलर, जॉनी हर्बर्ट, बर्त्राँ गाशो.

मर्सिडीझच्या गाड्या वेगात पुढे होत्या, पण शेवटच्या काही तासांत आघाडीवरची मर्सिडीझ इंजिन तापून थांबली आणि माझदा पुढे गेली. हर्बर्टने शेवटी सलग इतका वेळ गाडी चालवली की उतरल्यावर तो कोसळला आणि विजयाच्या चौथऱ्यावर जाऊ शकला नाही. ३६२ फेऱ्या. ल मान्स जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी, आणि दुसरी जपानी कंपनी जिंकायला २०१८ उजाडावं लागलं, टोयोटाला.

शर्यतीनंतर इंजिन उघडून बघितलं तेव्हा ते आणखी बरंच चाललं असतं अशा अवस्थेत होतं. १९६३ च्या त्या ओरखड्यांपासून इथपर्यंत.

डिअरबॉर्न_डायरी

धागा सुंदर रंगलाय. एक बाजू राहते आहे ती मांडतो, थोडी यारातीरकरांच्या विरोधात.

माझदाची कथा सांगताना सगळं श्रेय हिरोशिमाच्या जिद्दीला देण्याची पद्धत पडली आहे. फोर्डचा वाटा मोठा आहे. १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर माझदा पुन्हा गाळात गेली. विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उभ्या केल्या होत्या, तेवढ्या गाड्या घेणार कोण? १९९६ मध्ये फोर्डने हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी मोटार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष. खर्चाला शिस्त लागली. ती नसती तर आज आपण माझदाबद्दल भूतकाळात बोलत असतो.

देवाणघेवाण दोन्हीकडून होती. ऑस्ट्रेलियातली फोर्ड लेझर म्हणजे मुळात माझदा ३२३. अमेरिकेतली फोर्ड फ्युजन माझदा ६ च्या सांगाड्यावर बनली. आणि कात्रजदादांसाठी: २००३ साली भारतात आलेली पहिली एंडेव्हर ज्या पिकअपवर बेतली होती ती फोर्ड आणि माझदाची सामाईक होती, तिचं २.५ लिटर डिझेल इंजिन माझदाच्या घराण्यातलं. महाराष्ट्रात कितीतरी लोकांनी माझदाचं इंजिन चालवलंय, बॉनेटवर नाव दुसरं होतं इतकंच.

यारातीरकर

डिअरबॉर्नकर, फोर्डने वाचवलं हे शंभर टक्के मान्य, लेख लांबला म्हणून तो भाग आला नाही. पण खरी परीक्षा फोर्ड निघून गेल्यावर झाली. २००८ मध्ये मंदीमुळे फोर्डने मोठा हिस्सा विकला, २०१० मध्ये ३.५ टक्क्यांवर आली आणि २०१५ पर्यंत पूर्ण बाहेर. मोठा भाऊ नाही, पैसा नाही, हायब्रिडमध्ये टोयोटा कितीतरी पुढे. अशा वेळी या लोकांनी काय ठरवलं? इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा, सगळं एकाच वेळी कोऱ्या कागदावर काढायचं. तेच स्कायॲक्टिव्ह.

पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १४ ला १. त्या काळी साध्या गाडीत १० किंवा ११ असायचं. एवढं दाबलं की पेट्रोल स्पार्कच्या आधीच पेटतं, इंजिन ठोकतं. त्यावर यांनी एक्झॉस्टचे पाइप लांब करून गुंतवले, जेणेकरून जळलेला गरम वायू परत सिलिंडरमध्ये शिरू नये, आणि पिस्टनच्या डोक्यावर खळगा केला. उलट डिझेलचं कॉम्प्रेशन खाली आणलं, तेही १४ ला १. पेट्रोल चढवलं आणि डिझेल उतरवलं, दोन्ही एकाच आकड्यावर! यात फोर्डचा पैसा नाही. २०१२ ची सीएक्स-५ ही या सगळ्यावर बेतलेली पहिली गाडी, आणि तिनेच कंपनी पुन्हा उभी केली.

चाकणचा_टर्नर

एक्झॉस्टचा मुद्दा बरोबर. चार सिलिंडरांचे पाइप आधी दोनात आणि मग एकात जोडतात. जागा जास्त खाते म्हणून बाकीचे टाळतात.

डिअरबॉर्न_डायरी

मान्य. मी स्कायॲक्टिव्ह कमी लेखत नाहीये. अमेरिकेत साध्या पेट्रोलसाठी ते १३ ला १ ठेवलं, तरीही तेव्हा धाडसच होतं. आणि एमएक्स-५ राहिलीच! १९८९ मध्ये शिकागोला दाखवली. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने यामामोतोंना सुचवलं होतं की जुन्या ब्रिटिश धर्तीची साधी, हलकी, उघड्या टपाची गाडी करा. हेच ते रोटरीवाले यामामोतो, १९८४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झालेले. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बनली. दोन सीटच्या गाडीसाठी हा आकडा प्रचंड आहे.

किवी_कोकणी

ऑकलंडहून. इथे निम्म्या मराठी लोकांची पहिली गाडी जपानहून आलेली जुनी असते, कारण तिथेही स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे नावं बघून गोंधळू नका: तिथली देमिओ म्हणजे माझदा २, अक्सेला म्हणजे ३, अतेन्झा म्हणजे ६.

नवख्यांसाठी काही गोष्टी. गाडी सुरू केली की बाई जपानीत काहीतरी बोलते. घाबरू नका, टोलचं कार्ड घातलेलं नाही एवढंच ती सांगते. रेडिओवर इथली स्टेशनं लागत नाहीत, कारण जपानचा एफएम पट्टा ७६ पासून सुरू होतो आणि आपला ८८ पासून. बँड एक्स्पांडर नावाची डबी बसवावी लागते, स्वस्त असते. स्क्रीन जपानीत असते आणि भाषा बदलणं दर वेळी जमत नाही, त्यामुळे फोनवरच नकाशा लावायचा. जपानमधल्या लिलावाची मूळ शीट (गाडीची तपासणी करून ग्रेड दिलेला कागद) मागाच. ग्रेड ४ किंवा वर असेल तर सहसा चांगली, 'आर' असेल तर अपघात होऊन दुरुस्त झालेली.

बायको माझी देमिओ चालवते. अडीच बोटांच्या पार्किंगमध्येही ती उभी राहते.

मिसिसागाची_मंजू

कॅनडावाल्यांसाठी: गाडी कुठलीही असो, दर शरद ऋतूत खालून रस्टप्रूफिंगचा ऑइल स्प्रे मारून घ्या. रस्त्यावरचं मीठ ब्रँड बघत नाही. वसंत आला की खालून धुऊन घ्या, चाकांच्या कमानींच्या आतली कड बोट फिरवून तपासा. आमची माझदा ३ हॅचबॅक आहे, ऑल व्हील ड्राइव्ह. बर्फात सुंदर चालते, पण विंटर टायर हवेतच. आणि तो लाल रंग घेतला असेल तर लक्षात ठेवा, तो थरांवर थर देऊन केलेला असतो. ओरखडा पडला तर दुरुस्तीला रंग जुळवणारा कसबी माणूस आणि जास्त पैसे लागतात. तरी मी तोच घेतला. संध्याकाळच्या उन्हात तो लाल रंग बघत राहावा असा आहे.

नवी_गाडी_नवी_वाट

सगळं वाचलं. मला वाटतं माझदा विजेच्या गाड्यांत मागे राहिली आहे आणि हे प्रेमापोटी झाकू नये. एमएक्स-३० विजेवर आली, बॅटरी ३५.५ किलोवॅट तासांची, एका चार्जवर दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा पल्ल्यात लोक घेणार नाहीत हे दिसत होतं.

ह्यूस्टनचा_हौशी

खरं आहे. पण तिचीच पुढची आवृत्ती बघा, २०२३ ची. ८३० सीसीचा एकच रोटर, चाकांना जोडलेला नाही, फक्त वीज तयार करतो. आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाल्यावर अकरा वर्षांनी रोटरी परत आली. स्थिर वेगाने फिरायचं असेल तर रोटरीचे बरेच दोष बोथट होतात, आणि ती लहान, कमी थरथरणारी असल्याने मोटरशेजारी बसते. मला या वाटेत जीव दिसतो.

यारातीरकर

नवी वाट, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या करणारी कंपनी एक कोटी करणाऱ्या टोयोटाइतके पैसे सगळीकडे लावू शकत नाही. म्हणूनच २०१७ मध्ये टोयोटाशी भांडवली करार केला, अलाबामात दोघांचा मिळून कारखाना काढला. त्या आधाराने वीजगाड्या येतील. माझी काळजी वेगळी आहे: त्या आल्यावर पेडल आणि स्टिअरिंगची ही बारीक काळजी टिकेल का? मला ती टिकायला हवी आहे.

ब्रिस्बेनची_बकुळ

नमस्कार. आम्ही इथे नवीन. २०१७ ची सीएक्स-५ डिझेल बघितली आहे, एकच मालक. रोज ऑफिस चार किलोमीटर, महिन्यातून एकदा लांब. घ्यावी का?

यारातीरकर

बकुळताई, रोजचं चार किलोमीटर असेल तर डिझेल नको. कुठल्याही कंपनीचं नको. आजच्या डिझेलात धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो स्वच्छ व्हायला इंजिन नीट तापून हायवेच्या वेगाने काही काळ चालावं लागतं. चार किलोमीटरमध्ये ते कधीच होणार नाही. त्याच वर्षाची २.५ लिटर पेट्रोल बघा. लॉगबुकमध्ये प्रत्येक सर्व्हिसचा शिक्का आहे का ते पाहा, टायर चारही एकाच कंपनीचे आहेत का ते पाहा (मालक काळजी घेतो की नाही ते तिथे कळतं), आणि थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.

ब्रिस्बेनची_बकुळ

खूप आभार. डिझेलवाल्यांना नाही कळवलं. इप्सविचला एक पेट्रोलची आहे, लॉगबुकचे फोटो मागवलेत. शनिवारी सकाळी जातोय, इंजिन गरम करून ठेवू नका असं आधीच सांगून ठेवलंय.

मिसिसागाची_मंजू

लाल असेल तर घेऊनच या.